तुझ्या हिशोबानं चौथी

सोजर, तुझी सुमी आज सकाळच्या गाडीनं गेली. तिच्या बापानं, किसननं, बोचकं घेतलं, मधल्या पोराला बोटाला धरलं आणि बाळ सुमीच्या कडेवर दिलं. मी फाट्यापर्यंत गेले. एसटी आली, ते चढले, गाडी निघून गेली. मी म्हणाले होते, "पाटी घेऊन जा." तर म्हणाली, "फुटंल आजी, तिकडं." म्हणून पाटी माझ्याकडेच आहे. ती रडली नाही. मीही नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आत्या, तुमच्या डोळ्यातलं पाणी निजामाच्या राज्यातच आटलंय."

घरी आले आणि लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं. तू जिवंत असतीस तरी हे मीच तुला वाचून दाखवलं असतं, आणि तू मधेच उठून म्हणाली असतीस, "बास करा, दळण राहिलंय."

माणूस मेलं की लोक त्याला चांगलं म्हणायला लागतात. तुझ्या दहाव्याला गंगाखेडच्या घाटावर तुझी नणंद सगळ्यांना सांगत होती, सोजर म्हणजे गाय होती गाय. मला हसू आलं. तू गाय कधीच नव्हतीस. तोंडाची फटकळ होतीस. माझी चाळण नेलीस की महिनाभर आणून देत नव्हतीस, आणि मागायला आले तर म्हणायचीस, "चाळण काय म्हातारी व्हायलीय का तिकडं?" मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायला किसनपेक्षा तूच पुढं असायचीस, हे तुझ्याबरोबर ऊस तोडायला जाणाऱ्या बायका सांगत. त्यांतल्या दोघी किसनबरोबर आल्या होत्या, त्यांनी गाय म्हटलं नाही. 

माझ्या माहेरच्या गावची तू, म्हणून मला आत्या म्हणायचीस. सासरी माहेरचं माणूस मिळालं की बाई जरा पाय पसरून बसते. तू तर माझ्या ओट्यावर आडवीच व्हायचीस. माझे गुडघे दुखतात म्हणून तेल चोळून द्यायचीस आणि चोळता चोळता भांडायचीस. आपलं भांडण एकच होतं, शाळेचं. ते आपण मिटवलं नाही. आता ते मला एकटीलाच भांडायचं आहे, आणि एकटीनं भांडताना फार पुढं जाता येत नाही.

मी चौथी शिकले. गावात माझ्या वयाच्या बायकांत दुसरी कुणी शिकलेली नाही. गंगाखेडला मामानं ठेवून घेतलं म्हणून शिकले. आमच्या गावात शाळाच नव्हती. मामाच्या घरी पाणी भरायचं, मामीची बोलणी खायची आणि शाळेत जायचं. मराठीबरोबर थोडं उर्दूही शिकवत. पुढं लग्न झालं, संपलं. तू मला चिडवायला 'चौथी पास' म्हणायचीस. "चला चौथी पास, भाकर करपायलीय." एकदा आपण गंगाखेडच्या स्टँडवर उभ्या होतो. पालमची गाडी कोणती म्हणून तू कंडक्टरला विचारायला गेलीस, मी पाटी वाचून सांगितलं, ही आपली. गाडीत बसल्यावर तू म्हणालीस, "मी माणसाला इचारलं, तुमी पत्र्याला इचारलं. बसलाव तर एकाच गाडीत. मंग शिकून फायदा काय झाला?" सगळी गाडी हसली. मी तिकिटाचे पैसे मोजत बसले. 

तरीही सुमी सहाची झाली तेव्हा तूच मला बोलवायला आलीस. "आत्या, तुमी संगं चला, तुमाला शाळेचं कळतंय." तो जून मला चांगला आठवतो. जन्मतारीख गुरुजींनी विचारली, तू म्हणालीस, "भुईमूग काढायले होते तवा झाली." गुरुजी म्हणाले, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर. तेव्हा वय असंच बघत. सुमीचा हात पुरेना. पोरगी वाळक्या काडीसारखी, हात कुठून लांब येणार? तू मागं उभी होतीस. तू तिची मान इतकी वाकडी केलीस की कानच बोटांपाशी आला. "लागला बगा गुर्जी." गुरुजींनी पाहिलं, खिडकीकडं तोंड केलं आणि नाव घातलं. बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "बगा, मान वाकवली की समदं होतंय."

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्याच्या बातम्या यायच्या. एसट्या बंद, शाळा बंद. गुरुजी बौद्ध घरातले, गंगाखेडहून येऊन-जाऊन करणारे. गावात त्यांना खोली मिळाली नव्हती. ते कित्येक दिवस आले नाहीत, आणि का आले नाहीत हे कुणी विचारलं नाही. पारावर मात्र जो तो विद्यापीठावर बोलत होता. ज्यांनी ते पाहिलं नव्हतं, ज्यांच्या घरातलं कुणी तिथं जाणार नव्हतं, तेही तावातावानं बोलत. तू मला विचारलंस, "आत्या, ते विद्यापीठ मंजे कितवी?"

"पंधरावी-सोळावी असंल."

"मंग त्याच्यापायी आमची पयली कामून बंद केली?"

हे मी गुरुजी आल्यावर त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आजी, ज्यांना पहिलीत बसू दिलं नव्हतं त्यांनीच ते नाव मागितलंय." मी तुला हे येऊन सांगितलं. तू चुलीत लाकूड सारलंस. मग म्हणालीस, "मंग मागू द्या की." तुझ्याकडून एवढं ऐकणं म्हणजे पुष्कळ होतं, कारण तुझ्या घरात त्या दिवसांत वेगळं बोललं जात होतं.

आणि ते पाण्याचं. गुरुजी स्वतःचा तांब्या आणायचे, शाळेतल्या माठाला हात लावायचे नाहीत. सुमीला तहान लागली, माठ रिकामा, ती गुरुजींच्या तांब्यातलं पाणी प्यायली. तुझ्या सासूला कळलं. सासूला डोळ्यांनी कमी दिसतं, पण हे असलं सगळं दिसतं. तिनं पोरीला दारात उभं केलं आणि आंघोळ घालायला लावली. तू शेतातून आलीस, खुरपं हातातच होतं, आणि म्हणालीस, "त्यांच्या तोंडातलं डोक्यात घातलं तर चालतंय, तांब्यातलं पोटात गेलं तर चालत न्हाई व्हय?" सासू म्हणाली, "लय शहाणी झालीस." तू म्हणालीस, "पोरगी शाळेत जायलीय, मी घरीच शहाणी व्हायले."

हे मी कुठं सांगितलेलं नाही. आता लिहून ठेवते.

पण दसरा आला की तुझं शहाणपण संपायचं. दसऱ्याला शाळेत पाटीपूजन. आदल्या दिवशी पोरं कोळशानं आणि पानांनी पाट्या घासून काळ्याभोर करत, आणि त्यावर एकाचे आकडे मांडून मांडून सरस्वती काढत. गुरुजी स्वतः हात जोडत नसत. पण पोरांना पाट्या मांडून देत आणि बाजूला उभे राहत. सुमीची पाटी पहिल्या वर्षी वेडीवाकडी होती. दुसऱ्या वर्षी बरी. तिसऱ्या वर्षी सातवीच्या पोरी तिच्याकडून काढून घ्यायला आल्या. का येणार नाहीत? त्या पोरीला शाळेत पूर्ण मिळायचं ते तेवढंच. जूनला जायचं, दसऱ्यापर्यंत बसायचं, सरस्वती काढायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक यायचा. भांडी, कोंबड्या, बाजलं, शेळी, लेकरं, सगळं एकावर एक. सुमी त्या सगळ्याच्या वर बसलेली, मांडीत लहानगं.

तुम्ही परत यायचा तेव्हा उन्हाळा. परीक्षा होऊन गेलेली. जूनला पुन्हा पहिली.

दरवर्षी मी तुला म्हणायचे, "पोरगी माझ्याकडं ठेव. मला मामानं ठेवलं नव्हतं का?"

दरवर्षी तू म्हणायचीस, "लेकरू काय शेळी हाय का, दुसऱ्याच्या दावणीला बांधून जायला?"

"शेळी तर तू संगं नेतीस. लेकराला तेवढीही किंमत न्हाई."

"तुमाला लेकरं ठिवून ऊस तोडायला जावं लागलं असतं तर कळलं असतं." आणि वर, "आन् बाळाला कोण धरील? तुमी येता का फडावर, कोपीत ऱ्हायला?"

तिथं भांडण संपायचं. मला येता येत नव्हतं, आणि तुला बाळ झाडाला बांधून ठेवता येत नव्हतं. मधल्याला तू बांधायचीस लुगड्यानं, हे मला ठाऊक आहे. पण तो चालायला लागल्यावर. अंगावरचं पोर पाचटात टाकून कोण तोडणार? उसाच्या फडात सुमी होती म्हणून तुमचा कोयता चालत होता. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यात सुमी कुठंच नव्हती. पण होती.

तीन वर्षं असंच. शाळेतली बारकी पोरं तिला 'मोठी पहिली' म्हणायला लागली. दरवर्षी नवी पोरं यायची, ही तीच. पुस्तकाची पुढची पानं तिच्या हातानं तेलकट झालेली, मागची कोरी. पुढचे धडे पान न उघडता म्हणायची. मागचं काही विचारलं की म्हणायची, "ते दिवाळीनंतरचं हाय."

मागच्या दसऱ्याला तू सोनं द्यायला आलीस. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवलीस, पाया पडलीस, आणि ओट्यावर बसून हसत म्हणालीस, "आता तुमी बी आमच्या पाया पडा. माझी सुमी तुमच्या बरुबरीला आली."

"म्हणजे काय?"

"मंजे चौथी. तुमी चौथी, ती चौथी. आता फुडं कशाला शिकवायची? तुमी शिकलाव तेवढं लय झालं."

मला आधी वाटलं तू चिडवते आहेस. तुझ्या तोंडाकडं बघितलं तर तसं काही नव्हतं. तू खरंच खुश होतीस.

"सोजर, पहिलीत हाय ती."

"पयली तर पयल्या वरसी होती."

"अजून पहिलीच."

"कसं व्हईल? चार वरसं झाली शाळेत घालून. चार जून झाले का न्हाई? तुमीच होताव की पयल्या टायमाला."

तुझा हिशोब सरळ होता. कालवड एका वर्षानं एक वर्षाची होते, झाड वर्षानं वाढतं, सुनेला चार वर्षं झाली की ती चार वर्षांची सून. पोरीला शाळेत चार वर्षं झाली म्हणजे चौथी. परीक्षा नावाची गोष्ट मधे आडवी पडलेली असते हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. सुमीनं का नाही सांगितलं, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "आईनं कवा इचारलंच न्हाई." आणि तू तिला का विचारावंस? तुझ्या मनात शंकाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तू गुरुजींकडं गेलीस. काय बोललात ते मला गुरुजींनी सांगितलं, तू नाही. तू विचारलंस, "गुर्जी, पोरगी ढ हाय का?" ते म्हणाले, "नाही बाई, हुशार आहे. पण निम्मंच वर्ष असते." तू म्हणालीस, "मंग चार निम्मी मिळून दोन तर व्हतेत." गुरुजी म्हणाले, "तसं धरत नाहीत." तू उठून आलीस.

माझ्या दारात आलीस, आत आली नाहीस. उंबऱ्याला हात लावून उभी राहिलीस. "आत्या, मंग मी चार वरसं तिला कुठं घालत होते?"

मी म्हणाले, "बस आधी." तू बसली नाहीस.

"ठिवा मंग," तू म्हणालीस. "तुमच्याकडं ठिवा. बाळाचं बगते मी काय ते."

ट्रक आला त्या दिवशी तू मला दहा सूचना केल्यास. केसाला गोडतेल लावा. उवा झाल्या तर कापू नका, निवडा. झोपेत पाय टाकती, लाथ बसंल, संभाळून. नदीला एकटी धाडू नका. आणि शेवटी, "आन् आत्या, तुमच्या मामीवानी भांडी घासाय लावलाव तर याद राखा." ट्रकवर चढलीस, बाळ मांडीत घेतलंस, दुसऱ्या हातानं बाजलं धरलंस. सुमीकडं बघितलंच नाहीस. ट्रक वळेपर्यंत तू कोंबड्यांच्या डालीकडं बघत होतीस. मी मनात म्हणाले, चांगलं करते आहे, बघितलं असतं तर उतरली असती.

ते दिवस कसे गेले ते तुला सांगायचं राहिलं. ते सांगायला तू पाडव्यानंतर येणार होतीस आणि मी सगळं साठवून ठेवलं होतं.

पहिले काही दिवस सुमी उभी राहिली की कंबर डावीकडं काढून उभी राहायची. कडेवर कुणी नसायचं. पण कंबर तशीच बाहेर, हात वाकवलेला, जणू बाळ आहेच. मी म्हणायचे, "सरळ उभी राहा." सरळ व्हायची, जरा वेळानं पुन्हा तसंच. शाळेत गुरुजींच्या टेबलापाशी अशीच उभी राहिली तर पोरं हसली. दिवाळी झाल्यावर हळूहळू गेलं. एक दिवस मी बघितलं, ती अंगणात दोन्ही पायांवर उभी राहून पेरू खात होती, दोन्ही हातांनी. मला फार बरं वाटलं. एवढंसं बघून बरं वाटावं असं माझं वय नाही, पण वाटलं.

भांडी मी तिला घासायला लावली नाहीत. एकदा तिनं आपणहून घासली. ते तू धरायचं नाहीस.

मग पुस्तकाची निम्मी पानं ओलांडली. त्या दिवशी ती शाळेतून पळत आली. "आजी, फुडं बी तसंच हाय." मला कळेना काय म्हणते. म्हणाली, "मला वाटलं फुडं लय अवघड असंल, म्हणून ते दिवाळीनंतर ठिवलेत. तसं काई न्हाई. मला येतंय." तिला तीन वर्षं वाटत होतं की मागच्या पानांत असं काही आहे जे तिच्यासारखीला जमायचं नाही. जमत होतं. नुसतं तिथवर पोहोचायचं राहिलं होतं.

ती मला रोज संध्याकाळी नवा धडा वाचून दाखवायची आणि अडली की माझ्याकडं बघायची नाही, पुस्तकाकडंच बघत राहायची, सुटेपर्यंत. हे तुझंच. मोळी उचलेना तरी तू दुसऱ्याला हाक मारायची नाहीस, असं किसन म्हणतो. हाक न मारण्याची खोड चांगली नाही, सोजर. पुस्तकापुढं चालते. अंगात ताप असताना चालत नाही.

ताप तू अंगावर काढलास. कोपीवर पडून राहिलीस तर कोयता बंद पडतो म्हणून तोडत राहिलीस. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. बाकीचं मला नको. कुठला कारखाना, किती कोस, कुणी खांदा दिला, हे सगळे विचारतात. मी विचारलं नाही. तुला तिकडंच जाळलं. संक्रांत तोंडावर आली होती. सुमी तीळ निवडत बसली होती तेव्हा किसन दारात आला, डोकं भादरलेला, बाळ खांद्यावर. तिनं बापाकडं बघितलं, मग त्याच्या मागं बघितलं. मागं मधला होता. त्याच्या मागं कुणी नव्हतं. तिनं तिळाचं सूप बाजूला ठेवलं, उठली आणि बाळ घेतलं.

बाळ तिच्या कंबरेवर असं बसलं की जणू उतरलंच नव्हतं.

दहाव्यानंतर तुझी सासू सगळ्यांदेखत मला म्हणाली, "पोरगी संगं असती तर माझ्या सुनंला घोटभर पाणी तरी पाजलं असतं."

मी म्हणाले, "पाण्यानं वाचली नसती. दवाखान्यानं वाचली असती. आणि दवाखान्यात न्यायचं काम नऊ-दहा वर्षांच्या पोरीचं नव्हतं."

 मला वाटलं होतं असं बोलून मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

किसनशी मी भांडले. तुझ्या वाटचंही भांडले. त्याला परत जायचं होतं. सालाचा करार, अर्धा हंगाम राहिलेला, मुकादम निरोपावर निरोप धाडत होता. आता तो चुलतभावाबरोबर तोडणार. लेकरं कोपीवर कोण बघणार?

"पोरगी राहू दे," मी म्हणाले. "दोनच महिने राहिलेत परीक्षेला."

"आन् बाळ?"

"बाळही ठेव. मधल्यालाही ठेव. तिन्ही ठेव."

किसन वाईट माणूस नाही. तो हळूच म्हणाला, "काकू, तुमाला उठताना भिताड धरावं लागतंय. बाळ रांगत रांगत चुलीत गेलं तर तुमी पोचाल का?"

खरं होतं. मी परवाच पाण्याच्या हंड्यासकट पडले होते आणि सुमीनं उचललं होतं. तुझ्या सासूला दिसत नाही, मला उठता येत नाही. सुमी शाळेत गेल्यावर बाळ कुणाजवळ? दोघी म्हाताऱ्या मिळून एक बाई होत नाही. चार निम्मी मिळून दोन होत नाहीत तसंच.

मी सुमीला विचारलं. विचारायला नको होतं असं कुणी म्हणेल, पण मी विचारलं. ती बाळाचं नाक पुसत होती. म्हणाली, "ते माझ्याबिगर राहत न्हाई, आजी." आपल्या इच्छेचं एक अक्षर नाही. तिचं बोचकं तिनं आधीच बांधून ठेवलेलं होतं. त्यात पुस्तक नव्हतं. पुस्तक तिनं माझ्या धुऊन घडी केलेल्या लुगड्यावर ठेवलं होतं.

काल मी शाळेत गेले. गुरुजींना म्हणाले, "जाते आहे ती. तुम्ही तिला दुसरीत घाला. पुस्तक तिनं पाऊण संपवलंय, राहिलेलं मी बघते उन्हाळ्यात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "आजी, मला पटतंय. पण हजेरी नाही, परीक्षा नाही. वरून साहेब आले तर काय दाखवू?"

"पोरगी दाखवा. वाचून दाखवील ती."

"ती तिथं नसेल, आजी. साहेब हिवाळ्यात येतात."

मला राग आला, पण कुणावर काढावा असं कुणी समोर नव्हतं. गुरुजी तर मलाच खुर्ची देऊन स्वतः उभे होते. ते म्हणाले, "हे इथलंच नाही. जगभर असंच आहे म्हणतात. कुठं शाळा नाही, कुठं शाळा आहे तर पोरीला पाणी आणायला जावं लागतं, कुठं लहान भाऊ सांभाळावा लागतो." मी म्हणाले, "जगातल्या पोरी मी बघितल्या नाहीत. मी ही एक बघितली." ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "जूनमध्ये घेऊन या. पहिलीत घेऊ."

जूनमध्ये. पहिलीत.

सोजर, मी दारातून तशीच परत आले. रस्त्यानं तुझ्याशी भांडत आले. तू विचारायचीस, शिकून फायदा काय. मला अजून सांगता येत नाही. मी चौथी शिकले आणि तुझ्यासारख्याच भाकरी थापल्या. पण गंगाखेडला मामानं मला ठेवलं तेव्हा माझ्या कडेवर कुणी नव्हतं, एवढं मला आता कळलं. बाकी सगळं सुमीच्या नि माझ्यात सारखं होतं.

पाटी मी आत्ता खुंटीला लावली. दसऱ्याची सरस्वती तिनं पुसली नव्हती. धुळीनं अंधुक झाली आहे, पण एकाचे आकडे दिसतात.

पाडवा होईल, उन्हाळ्यात लेकरं परत येतील. जूनला माझ्यानं चालवलं तर मी सुमीला शाळेत नेईन. कान धरायची आता गरज नाही, हात चांगले लांब झालेत. गुरुजी तिचं नाव पुन्हा पहिलीत घालतील. बारकी पोरं हसतील. आणि कुणी विचारलं, ही कितवीत, तर मी तुझ्या हिशोबानं सांगणार आहे. पाच जून झाले म्हणजे पाचवी. चौथी पास आत्याच्या पुढं गेली. मागच्या दसऱ्याला मी तुझा हिशोब चुकीचा ठरवला. या वेळी मी काही बोलणार नाही.